आधी फळ्या, मग फासळ्या

८ ऑक्टोबर १७३७, मंगळवार

लुबर्टशेठ आज ॲमस्टरडॅमहून पडावात बसून आले, सोबत स्वतःची गादी घेऊन. मागच्या खेपेला आमच्या बाकावर बसून त्यांच्या कमरेत उसण भरली होती, ती अजून त्यांच्या लक्षात आहे. मोठ्या जहाजाचं काम आणलंय. तीन वर्षांत या गोदीवर चालून आलेलं पहिलंच. नॉर्वेहून लाकूड आणायचं, पोट फुगीर, तळ उथळ, आठ-दहा माणसांत हाकता येईल असं. म्हणजे आमच्या सुतारांनी झोपेत बांधावं असं. जहाजाला ते आपल्या सासूबाईंचं नाव देणार आहेत. पोटावरून सुचलं असणार.

मी आनंद चेहऱ्यावर येऊ दिला नाही. अशा वेळी खिडकीबाहेर बघत राहायचं असतं. पण माझी बायको ट्राइन आतून सणाचा गोड पाव घेऊन आली आणि माझ्या खिडकीबाहेर बघण्यावर पाणी पडलं.

"एक अट आहे, आरिस," शेठ पाव चघळत म्हणाले. "मला आराखडा हवा."

"कसला?"

"जहाजाचा. कागदावर. हल्ली विमा उतरवणारे मागतात. आरमारवाल्यांनीसुद्धा इंग्रज मिस्त्री ठेवलेत. ते आधी कागदावर जहाज काढतात, मग बांधतात. तुमच्याकडे काय? म्हातारा मैंडर्ट मिस्त्री एक डोळा मिटतो, दुसऱ्याने बघतो, आणि झालं जहाज!"

"तीस वर्षं तुम्ही तीच जहाजं वापरताय, शेठ."

"म्हणून तर आलो. काम सुरू करा. ईस्टरनंतर मी येईन, तेव्हा कागद तयार पाहिजे. नसला तर माझा इंग्रज, हॉब्स नावाचा, इथे मिस्त्री म्हणून उभा राहील आणि मैंडर्ट घरी बसेल. कबूल?"

मी कबूल म्हणालो. पूर्वी या काठावर उभं राहिलं की दोन्ही हातांची बोटं संपायची इतके जहाजांचे सांगाडे दिसायचे. आज एक हातही भरत नाही. नाही म्हणायची सोय कुठे आहे?

आता मैंडर्टला कोण सांगणार? मी या गोदीत डांबर ढवळत होतो तेव्हा त्याने माझ्या हातात पहिली कुऱ्हाड दिली. पुढे गोदी माझी झाली, त्याची बहीण माझी बायको झाली, पण अजून मी त्याला "मिस्त्री, तुम्ही" म्हणतो आणि तो मला "आऱ्या" म्हणतो.

९ ऑक्टोबर

सांगितलं. तो कुऱ्हाडीची धार अंगठ्याने बघत होता, मान वर केली नाही.

"आऱ्या, तुला मुलगी झाली ती आधी कागदावर काढली होतीस का?"

"नाही."

"बरी झाली की नाही?"

"बरी झाली."

"मग?"

 तरी मी म्हटलं, "मिस्त्री, माझ्यासाठी एवढं करा. नाहीतर तो इंग्रज येईल."

"येऊ दे. आधी फासळ्या उभ्या करील आणि मग त्यांवर फळ्या चढवील. आधी हाडं, मग कातडी! आपण आधी फळ्या लावतो, आऱ्या. पोट जमलं की मग आतून फासळ्या. फळीला कुठे वळायचंय ते फळीच सांगते. कागद काय सांगणार?"

पण अगदी शेवटी, मी दारात असताना म्हणाला, "आफ्ये घरी आहे का? तिच्याशी काम होतं."

आफ्ये म्हणजे ती कागदावर न काढलेली माझी मुलगी. जमीनमोजणीदाराशी तिचं लग्न लावून दिलं होतं. दीड वर्षापूर्वी तो तापाने गेला आणि ती त्याची उपकरणांची पेटी घेऊन परत आली. मामाला तिच्याशी काय काम, देव जाणे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

जहाजाचा कणा ठेवला. ओकचं लाकूड, एकसंध, पूर्वीचं राखून ठेवलेलं. सुतारांना बिअर पाजली. हवा छान, पश्चिमेचा वारा.

६ नोव्हेंबर

मैंडर्टने हल्ली नवं नाटक सुरू केलंय. पूर्वी फळी लावली की तो वीस पावलं मागे जायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "दोन बोटं वर." आता मागे जातच नाही. फळीला चिकटून उभा राहतो, डोळे दोन्ही मिटतो, आणि पुऱ्या लांबीवरून हात फिरवत जातो, जणू घोडा विकत घेतोय. मग म्हणतो, "दोन बोटं वर." चुकत नाही, ते सोडा. पण सुतारांसमोर एवढी ऐट कशाला? वय झालं की माणसाला बघणारे हवे असतात.

शिवाय बडबड वाढलीय. मी गोदीचं काम कानांनी चालवतो. खोलीत बसून सांगतो की कोण लाकूड तासतोय आणि कोण त्याला गुदगुल्या करतोय. तीस वर्षांत मैंडर्टच्या तोंडून दिवसाला दहा शब्द ऐकले असतील. आता भाजीवालीसारखा ओरडतो. "कण्यापासून सात फूट चार अंगठे! इथे रुंदी नऊ फूट!" फुटा-अंगठ्यांत आकडे कधी बोलत नव्हता हा माणूस. तोंडाने "एवढं" म्हणायचा आणि हाताने दाखवायचा.

आफ्ये दिवसभर त्याच्या मागेमागे असते, मांडीवर फळकूट घेऊन काहीतरी खरडत. सुतार कुरकुरतात की बाईमाणूस गोदीवर नको. मी म्हटलं, तुमच्या बायकांपेक्षा कमी बोलते, राहू दे. बिचारीचा वेळ जातो.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीस वर्षं दर रविवारी आमच्या घरी बायबल मैंडर्ट वाचतो. आज तिसरा रविवार, घसा बसलाय म्हणून आफ्येला वाचायला लावलं. घसा! काल तर पलीकडच्या काठावर ऐकू जाईल असा ओरडत होता. वाचता वाचता आफ्ये एका ओळीवर अडखळली तर याने न बघता पुढची ओळ म्हटली. पाठच आहे तर वाचायला काय होतं? आळशी झालाय. जेवताना वाटाण्याच्या सुपात बाही बुडवली, ती ट्राइनने काही न बोलता पुसली. मी सुपात बाही बुडवली असती तर काय काय ऐकलं असतं.

५ डिसेंबर

शेजारची टॉइनिसची गोदी आज फळीफळीने विकली गेली. त्याचा डांबराचा हंडा मी घेतला. लागत नव्हता. पण परक्याने नेला असता तर बरं दिसलं नसतं. टॉइनिस म्हणाला, "आरिस, तुझंही विकशील तेव्हा हा मी परत घेईन." दोघं हसलो. फार वेळ नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज मैंडर्टने भलतंच केलं.

खंदकापलीकडे सायमेनची लाकूड कापायची पवनचक्की आहे, 'कबरा कावळा'. आमच्या सगळ्या फळ्या तीच कापते. सकाळी करवतींचा आवाज एकदम थांबला. वारा चांगला असताना चक्की थांबते म्हणजे घरात काहीतरी घडलं. मी बाहेर येऊन पाहिलं. पातं उभ्या रेषेवरून थोडं पुढे गेलेलं होतं. रेषेच्या अलीकडे थांबवलं तर आनंद, पलीकडे गेल्यावर थांबवलं तर दुःख, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. सायमेनची म्हातारी आई गेली. मी टोपी काढली.

आणि बघतो तर मैंडर्ट खंदकावरच्या फळीवरून परत येतोय, टोपी कुठेतरी पडलेली, बगलेत गोड पाव. मागून सायमेनचा आवाज. माझ्या कानांना तो आवाज ऐकायला लागला नसता तर बरं झालं असतं.

झालं असं. सायमेनच्या सुनेचे दिवस भरलेत. चक्की थांबलेली पाहून मैंडर्ट पाव आणि जिन दारूचा बुधला घेऊन सरळ त्यांच्या घरात शिरला आणि दारातूनच ओरडला, "काय रे सायमेन, मुलगा की मुलगी?" आत म्हातारीच्या प्रेताला नवी टोपी घालत होते.

बुधला सायमेनने खंदकात फेकला. पाव फेकवला नसेल.

"काय केलंत हे?" मी म्हटलं.

"चक्की थांबलेली दिसली."

"थांबलेली सगळ्या गावाला दिसली, मिस्त्री! कशी थांबली ते नको का बघायला? हातभर फरक असतो!"

"घाई झाली," एवढंच म्हणाला. पाव बाकावर ठेवला आणि घरी गेला.

सकाळी सकाळी प्यायला असणार. नेमकी आज आफ्ये बाजारात गेली होती, नाहीतर तिने आवरलं असतं. मला इतका राग आलाय की त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय. ट्राइनला सांगितलं तर ती पावाकडे बघत रडायला लागली. म्हातारीशी तिचं एवढं सख्य होतं हे मला माहीत नव्हतं.

१६ डिसेंबर, सोमवार

सायमेनच्या आईला पोचवून आलो. सायमेनची समजूत काढली, फार करून निघाली. मैंडर्ट आला नाही.

परत येताना गोदीतून आलो. जेवणाची सुट्टी होती, सुतार नव्हते. मैंडर्ट एकटा जहाजाच्या पोटाखाली उकिडवा बसला होता, तळहात फळीवर. मी बोलणार नव्हतोच. माझ्या पायांत आज लाकडी जोडे नव्हते, अंत्ययात्रेचे चामडी बूट होते. मी त्याच्या मागे चार हातांवर उभा राहिलो.

"आफ्ये?" तो म्हणाला. वळला नाही.

फळीवरचा हात तसाच ठेवून तो बोलू लागला.

"बापाला यातलं काही कळू देऊ नकोस हं. तो काढून टाकेल याची मला भीती नाही. तो काढणार नाही, त्याची भीती आहे. आंधळा मिस्त्री ठेवेल. जहाज वाकडं झालं तरी ठेवेल, गोदी बुडाली तरी ठेवेल, आणि वर मलाच विचारेल, मिस्त्री, जेवलात का?"

मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. आणि ओळखलं नाही.

मी पावलं न वाजवता निघून आलो. दुपारभर खोलीत बसलो. सुपातली बाही. रविवारचा घसा. घोडा विकत घेतल्यासारखा फिरणारा हात. सगळं माझ्या समोर घडलं, मी सगळं इथे लिहूनही ठेवलंय. मागची पानं वाचली आणि स्वतःचीच लाज वाटली.

१७ डिसेंबर

"तुला माहीत होतं?" मी ट्राइनला विचारलं.

"उन्हाळ्यापासून. एकदा मी दारात उभी होते तर दादा मला 'आई' म्हणाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही, आरिस."

माझ्या! ज्याच्या चेहऱ्यावरून ॲमस्टरडॅमच्या शेठजींना थांग लागत नाही त्याच्या!

आफ्येला बोलावलं. ती उठली आणि पेटीतून कागद काढून टेबलावर पसरला. जहाज. कडेने, वरून, समोरून. अर्धंच, आज जेवढं बांधून झालंय तेवढंच, पण अंगठ्या-अंगठ्याचं माप घालून. मी आयुष्यभर जहाजं बांधतोय, पण माझं जहाज मी असं एका नजरेत कधी पाहिलं नव्हतं.

"मामा मोठ्याने बोलतो, मी लिहून घेते," ती म्हणाली. "तुम्ही अटीचं सांगितलंत त्याच दिवशी त्याने मला बोलावलं. म्हणाला, कागदाला मी हात लावणार नाही. पण मी मोठ्याने बोलणार. कुणी ऐकून काही लिहिलं तर माझा काय दोष?"

म्हणजे हा आराखडा बांधायच्या आधीचा नाही, बांधल्यावरचा आहे. आधी जहाज, मग कागद. लुबर्टशेठ कागद मागतात. कोण कोणाच्या आधी जन्मलं हे त्यांनी विचारलेलं नाही.

हे ठीक. पण दुसरी गोष्ट ठीक नाही. ज्याला माणूस आणि चक्कीचं पातं दिसत नाही, त्याच्या हातावर मी जहाज सोडू का? दर्यावर त्यात दहा माणसं जाणार. काढला तर तो मरेल. ठेवला तर त्याने म्हटलं तस्साच मी निघालो.

२० डिसेंबर

ठेवला. पण मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही. गोदीत शिरताना खोकतो, जोडे आपटत चालतो. "मी आरिस, काय म्हणता मिस्त्री?" असं उगाच नाव घेऊन बोलतो. आज तो म्हणाला, "आऱ्या, तुला खोकला झालाय का वेड लागलंय?"

त्याच्यामागे स्वतः प्रत्येक फळी बघतो. वीस पावलं मागे जातो, एक डोळा मिटतो. मला काहीही कळत नाही.

१४ जानेवारी १७३८

कालवे गोठले. काम बंद. गाव बर्फावर घसरतंय, मी ट्राइनला घेऊन दोन फेऱ्या मारल्या आणि दोनदा आपटलो. मैंडर्ट हिंडायला येईना, तर ट्राइनने त्याला ढकलगाडीत बसवून फिरवलं. सायमेन समोरून आला.  तो थांबला, मैंडर्टकडे नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "मिस्त्री, मुलगा झाला."  मग सायमेनने स्वतःच गाडी ढकलायला घेतली.

त्याला कोणी सांगितलं नसेल. त्याला डोळे आहेत, एवढंच.

२० फेब्रुवारी

आज जहाजावर एक गोष्ट सापडली.

मागच्या बाजूला, सुकाणूच्या थोडं अलीकडे, पाण्याखाली जाणाऱ्या भागात फळीला खळगी आहे. हात दीड हात लांब, खोली फार तर एक बोट. बाकी सगळं पोट लोण्यासारखं गोल आणि तिथेच हे. पूर्वीच्या जहाजांना अशी खळगी मी पाहिलेली नाही. दुसऱ्या बाजूला गेलो तर तिथेही तेवढीच. एकीकडे हात चुकला म्हणून दुसरीकडे मुद्दाम जुळवली असेल.

"मिस्त्री, मागे सगळं ठीक ना?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"का? तुला काही वेगळं दिसतंय?"

"छे. मला काय दिसणार?"

"तेच म्हणतो," तो म्हणाला.

आफ्येला विचारलं तर ती नजर चुकवते. सुतारांनी पाहिलंय आणि गप्प आहेत. सगळी गोदी एका माणसासाठी गप्प आहे.

२२ मार्च

कागद पुरा झाला. ट्राइनने तो पलंगावर पसरून ठेवलाय आणि आम्ही खाली झोपतोय. आतून फासळ्याही बसल्या.

१० एप्रिल, गुरुवार

लुबर्टशेठ आले, गादीसकट, आणि सोबत तो हॉब्स. उंच, लाल मानेचा, आमची भाषा मोडकीतोडकी बोलतो. आराखडा बघून शेठ "वा, वा!" करू लागले. हॉब्सने मापांवरून बोट फिरवलं. आफ्येकडे वळून विचारलं, "तुमचा फूट किती अंगठे?"

"अकरा."

"आमचा बारा. तुमचे पाय लहान."

"पण दूर जातात," आफ्ये म्हणाली. तो हसला, तेव्हा मला जरा बरा वाटला.

मैंडर्ट उभा होता. हॉब्सने त्याच्यापुढे हात केला. मैंडर्टने बघितलंच नाही.  हॉब्सने क्षणभर त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच खाली वाकून त्याचा लोंबता हात आपल्या हातात घेतला. शेठना बोलला नाही. परक्याचे हे उपकार मी विसरणार नाही.

मग तो दोरी आणि कागद घेऊन जहाजाभोवती फिरला. दोन तास. प्रत्येक माप जुळलं. शेवटी मागच्या बाजूला थांबला.

"इथे कागद एक बोलतो, लाकूड दुसरं."

कागदावर खळगी नव्हती. रेघ गुळगुळीत होती. आफ्येचा चेहरा लालबुंद झाला. मामाचा हात चुकला असं समजून पोरीने ती कागदावर बुजवून टाकली होती. माप बरोबर लिहून घेतलेलं, आणि रेघ काढताना प्रेम आडवं आलं.

"म्हणजे म्हातारा चुकला?" शेठ म्हणाले. "हॉब्स, हे चालेल का?"

"माझ्या मते मागे पाणी ओढेल, चाल मंदावेल. पण मी असं कधी बांधलं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाकूड चूक म्हटलं तर मैंडर्ट गेला. कागद चूक म्हटलं तर अट मोडली. आयुष्यात पहिल्यांदा मला खिडकीबाहेर बघायचं सुचलं नाही, कारण आम्ही उघड्यावर होतो.

"लाकूड माझं आहे," मैंडर्ट शांतपणे म्हणाला. "पाण्यात सोडा. बांध ओलांडून खाडीत न्या. हा इंग्रज सुकाणूला उभा राहू दे. मागे पाणी ओढलं तर मी आपल्या पायांनी घरी जाईन, आणि पुढची जहाजं हा बांधेल."

शेठनी मान डोलावली. मैंडर्टला ती दिसली नाही. "शेठ हो म्हणाले, मिस्त्री," मी म्हटलं.

२० मे, मंगळवार

जहाज बांधावर चढवून पलीकडच्या पाण्यात उतरवलं. जहाज ओढायला रहाटाला तीस माणसं. बांधावरच्या वाटेत रुंदीला दोन्हीकडे चार चार बोटं मोकळी राहिली. मैंडर्टने हे माप केव्हा घेतलं होतं? तो म्हणतो, पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

२१ मे

सकाळी खाडीत निघालो. लुबर्टशेठ, हॉब्स सुकाणूला, आफ्ये, मैंडर्ट आणि मी. वाऱ्याने शीड भरलं, जहाज जरा कललं आणि चालू लागलं. हॉब्सचा चेहरा निर्विकार. शेठ गादीवर. 

मी मागच्या कठड्यावर वाकलो आणि कान दिले. मला एवढंच येतं. प्रत्येक जहाजाच्या मागे पाणी खळखळतं. मी लहानपणापासून ऐकतोय. या जहाजाच्या मागे काही नव्हतं. पाणी येत होतं आणि मिटत होतं, दार लोटून घ्यावं तसं, कडी न वाजवता.

"मिस्त्री," मी म्हटलं, "आवाज नाही."

"नसणारच," तो म्हणाला. "डोळे होते तेव्हा रेघ चांगली दिसावी म्हणून ती जागा मी गोल करत आलो. हात केव्हाचा सांगत होता की इथे फळीला आत जायचंय. यंदा पहिल्यांदा ऐकलं तिचं."

डोळे होते तेव्हा, असं तो माझ्यासमोर म्हणाला. मी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुझे अंत्ययात्रेचे बूट करकरत होते, आऱ्या," तो म्हणाला. "ते बूट मीच तुला लग्नात दिलेत."

मी खाडीकडे बघत राहिलो. वारा फार होता, डोळ्यांत पाणी येत होतं.

हॉब्सने सुकाणूवरचा हात काढला आणि दोन बोटांनी धरलं. जहाज वळलं. "शेठ," तो म्हणाला, "मी चुकलो. याला कोणी घरी बसवायचं नाही."

२६ मे, सोमवार

लुबर्टशेठ खूश आहेत. सासूबाईंचं नाव रंगवून झालं. आज निरोप घेताना आराखडा गुंडाळून काखेत घेतला.

"आता आणखी तीन बांधणार," ते म्हणाले.

ट्राइन गोड पाव आणायला आत वळली.

"समुद्रापलीकडे. तिथे लाकूड दारात उभं आहे, मजूर स्वस्त. कागद आहेच आता. मिस्त्रीला कुठे बोलवायची गरज नाही." आणि अगदी मनापासून माझा हात दाबला. "हे तुमच्यामुळे झालं, आरिस."

ट्राइनने पाव आणलाच. शेठनी दोन तुकडे खाल्ले.

ते गेल्यावर मी धक्क्यावर उभा होतो. ज्या कागदाने मैंडर्टला ठेवलं, तोच गोदी काखेत मारून चालला. मग एकदम आठवलं आणि मला हसू फुटलं. आफ्येने रेघ दुरुस्त केलेली नाही! शेठनी नेला तो गुळगुळीत कागद. समुद्रापलीकडची तिन्ही जहाजं खळखळत जाणार, आणि मग शेठ गादी घेऊन परत येणार, या बाकावर, माझ्यापुढे.

धावत जाऊन मैंडर्टला सांगितलं. तोही हसला, खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "कळव त्यांना."

"काय?"

"त्या हॉब्सला पत्र लिही. खळगी कुठे, केवढी, सगळं."

"मिस्त्री, ती खळगी एवढीच आता आपल्याकडे उरलीय!"

"जहाजात माणसं बसतात, आऱ्या. ती लुबर्टची नसतात."

मी उद्या लिहितो म्हटलं.

२७ मे

लिहिलं नाही. गोदीत फिरलो. सायमेनची गळकी होडी दुरुस्तीला आलीय, तेवढंच काम.

२ जून, सोमवार

सहा दिवस मैंडर्टने विचारलं नाही. रोज सकाळी येतो, सायमेनच्या होडीच्या तळावर हात फिरवतो. आज मी म्हटलं, "मिस्त्री, जेवलात का?" तो हसायला लागला, आणि मग मला न लिहून राहवेना.

आफ्येने नवा कागद घेतला आणि मागचा भाग मोठा करून काढायला बसली. मैंडर्ट शेजारी. माप सांगितलं तसं काढलं, तो म्हणाला, नाही, खोली सगळीकडे सारखी नाही, तिथे ती अशी विरत जाते. "अशी म्हणजे कशी?" "अशी." हाताने हवेत दाखवलं. तिने खोडलं, पुन्हा काढलं. चार वेळा. पाचव्यांदा तिने मामाचा हात धरून कागदावर ठेवला, पण कागद तर सपाट.

शेवटी तिने ती जागा मोकळी सोडली. बारीक अक्षरात तिथे दोन ओळी लिहिल्या, आणि मी पत्रावर मोहोर लावायच्या आधी मैंडर्टला मोठ्याने वाचून दाखवल्या:

"हॉब्स, ही एवढी रेघ काढता येत नाही. पुढच्या खेपेला या बाजूला आलात तर या पहिल्या जहाजाच्या इथे हात लावून बघा. डोळे मिटून."